सोडणाऱ्यांच्या बाजूने

सिगारेट-विडी ओढणाऱ्या प्रौढांचे प्रमाण आपल्या देशात कमी होत चालले आहे. 2009-10 साली पहिले जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण झाले, तेव्हा पंधरा वर्षांवरच्या लोकांपैकी 14 टक्के धूम्रपान करत होते. 2016-17 च्या दुसऱ्या फेरीत हे प्रमाण 10.7 टक्क्यांवर आले. कर्नाटकात ते 11.9 वरून 8.8 वर उतरले, महाराष्ट्रात 6.6 वरून 3.8 वर. सात वर्षांत घडलेला हा बदल लहान नाही. मात्र याच सर्वेक्षणात आणखी दोन आकडे आहेत, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटतात. धूम्रपान करणाऱ्यांपैकी 55.4 टक्के लोकांनी आपण सोडायच्या विचारात आहोत असे सांगितले, आणि 38.5 टक्क्यांनी आदल्या वर्षभरात सोडून पाहिले होते. पानपट्टीपाशी उभ्या असलेल्या दर दोघांतला एकजण तिथून निघायची वाट शोधतो आहे, असा याचा अर्थ.

पुढची पाने त्या माणसासाठी आहेत. त्याच्या घरच्यांसाठी, त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांसाठीही आहेत. ‘मनात आणलं तर सुटतं’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो आणि सगळा भार त्या एकट्याच्या निर्धारावर टाकून मोकळे होतो. धूम्रपान जिथे जिथे खरोखर ओसरले, तिथे कायदा, किंमत, माहिती, औषधोपचार आणि घरादाराचा आधार या सगळ्यांनी मिळून हातभार लावला आहे. सोडणाऱ्याच्या बाजूने समाजाने उभे राहायला हवे, हे मला सांगायचे आहे.

हे टिळकवाडीतून सांगण्यामागे कारण आहे. इथले व्हॅक्सीन डेपोचे आवार बेळगावकरांना फिरायला जाण्याची जागा म्हणून ठाऊक आहे. एके काळी तिथल्या संस्थेत देवीच्या रोगावरची लस तयार होत असे. देवीचा रोग भारतातून 1975 साली हटला आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. प्रत्येकाने आपापल्या हिमतीवर देवीशी लढावे, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. लस बनवणारे, ती गावोगाव पोहोचवणारे आणि टोचून घेणारे अशा सगळ्यांचे ते काम होते. तंबाखूवर लस नाही. तरी आरोग्याची मोठी कामे कशी तडीस जातात, याचा धडा आमच्या उंबरठ्यावरच आहे.

याच टिळकवाडीत डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. पुढे आत्मकथेत गांधींनी लहानपणच्या धूम्रपानाची हकिगत मोकळेपणाने लिहिली: काकांनी टाकलेली थोटके उचलून ओढणे, आणि मग तेवढ्याने भागेना तेव्हा नोकराच्या खिशातले पैसे चोरणे. इतक्या मोठ्या माणसाने ही गोष्ट न लपवता सांगितली. सोडू पाहणाऱ्याला अशाच मोकळ्या बोलण्याची गरज असते. घरात चोरून ओढणारा माणूस मदतही मागू शकत नाही.

आणि इथून महामार्गाने उत्तरेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर निपाणी आहे. निपाणीचे नाव घेतले की तंबाखू आठवतो. निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि पलीकडे कागल, गडहिंग्लज हा सगळा मुलूख विडीच्या तंबाखूचा. सिगारेटीचा तंबाखू वेगळा. तो कर्नाटकात हुणसूर-पिरियापट्टणच्या बाजूला पिकतो आणि भट्टीच्या बंद खोलीत गरम हवेवर तयार होतो. आमचा तंबाखू उन्हात वाळतो. वखारीत तो कुटला-चाळला जातो आणि टेंभुर्णीच्या पानात गुंडाळून विडी होऊन देशभर जातो. म्हणून या भागात धूम्रपानाविषयी लिहायचे तर सिगारेटपुरते लिहून भागत नाही. ओढणारा, पिकवणारा आणि वखारीत राबणारी बाई, तिघेही एकाच गावचे, कित्येकदा एकाच घरचे असतात.

आधी घसरणीकडे पाहू. तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या बरोबरीनेच शोधला गेला, हे फारसे सांगितले जात नाही. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांचा फुफ्फुसाच्या कर्करोगावरचा अभ्यास 1950 साली प्रसिद्ध झाला. 1955 साली मुंबईच्या सांघवी, राव आणि खानोलकर या संशोधकांनी विडी ओढणे, तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचे कर्करोग यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा गाजलेला अहवाल आला तो 1964 साली. ज्ञान होते, पण ते धोरणात उतरायला दशके गेली. शेजारच्या गोव्याने 1997 साली धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला. त्यामागे डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या कर्करोग शल्यविशारदाची तळमळ होती. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. 2003 साली केंद्राचा सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायदा झाला. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागांवरच्या बंदीचे नियम अधिक कडक झाले. पाकिटावर चित्रमय इशारे 31 मे 2009 पासून आले आणि 1 एप्रिल 2016 पासून त्यांनी पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापला.

या एकेका पायरीचा परिणाम मोजता येतो. इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला असे सांगणारे सिगारेट ओढणारे पहिल्या फेरीत 38 टक्के होते, दुसऱ्या फेरीत 62 टक्के. विडी ओढणाऱ्यांत हे प्रमाण 29 वरून 54 टक्क्यांवर गेले. घरातच दुसऱ्याच्या धुराला सामोरे जावे लागणाऱ्यांचे प्रमाण 52.3 वरून 38.7 टक्क्यांवर आले. एसटीत, कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या मांडवात बिनदिक्कत सिगारेट पेटवली जाण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पाहुण्यांपुढे पानसुपारीच्या तबकात सिगारेटचे पाकीट ठेवणे हा मोठेपणा होता. आज पाहुणाच उठून अंगणात जातो. वागण्याची रीत बदलली की नव्याने सुरुवात करणारे कमी होतात. पंधरा ते सतरा वयोगटातला तंबाखूचा वापर याच काळात 9.6 वरून 4.4 टक्क्यांवर आला.

आता सावध करणाऱ्या गोष्टी. पहिली विडीची. दुसऱ्या फेरीत देशात विडी ओढणारे 7.7 टक्के होते आणि सिगारेट ओढणारे 4 टक्के. धूम्रपान म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे सिगारेट येते, पण भारतात धुराचा मोठा वाटा विडीचा आहे. विडीत तंबाखू कमी असतो आणि वर झाडाचे पान असते, म्हणून ती सौम्य, अशी समजूत आमच्या भागात पक्की आहे. खरे पाहता विडी सारखी विझते. ती पेटती ठेवण्यासाठी झुरके वरचेवर आणि जोरात घ्यावे लागतात. त्यामुळे डांबर, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड यांत ती सिगारेटपेक्षा मागे राहत नाही. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली भारतातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे दहा वर्षांनी घटते. आपल्याकडे हे मृत्यू केवळ कर्करोगाने होत नाहीत. क्षय, दमा, हृदयविकार यांचा त्यांत मोठा भाग आहे. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर वरचा उपकर लागला, विडीवर लागला नाही. दुसऱ्या फेरीत सिगारेट ओढणाऱ्याचा महिन्याचा सरासरी खर्च 1,192 रुपये निघाला, विडी ओढणाऱ्याचा 284. किमतीचा जो दट्ट्या सिगारेटवाल्याला सोडायला लावतो, तो विडीवाल्यापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी सावधगिरी याहून कळीची आहे. महाराष्ट्रात धूम्रपान 3.8 टक्के, पण धूरविरहित तंबाखू 24.4 टक्के. कर्नाटकात हेच आकडे 8.8 आणि 16.3. म्हणजे ओढणे कमी झाले तरी मळणे, चघळणे आणि मिश्री लावणे मुबलक उरले आहे. सीमाभागात दोन्ही राज्यांच्या सवयी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. सिगारेट सोडली म्हणणारा माणूस खिशात माव्याची पुडी बाळगत असेल, तर तो निकोटीनच्या तावडीतून सुटलेला नाही. त्याची वाट फुफ्फुसाकडून तोंडाकडे वळली, एवढेच. घरातली एखादी आजी चाळीस वर्षे मिश्री लावते आणि तिला कोणी व्यसनी म्हणत नाही. तिच्यापर्यंतही हा विषय पोहोचायला हवा.

तिसरी गोष्ट सुट्ट्या विक्रीची. कर्नाटकाने 2017 साली आणि महाराष्ट्राने 2020 साली सुट्टी सिगारेट-विडी विकायला बंदी घातली. टपऱ्यांवर ती तरीही मिळते, हे आपण सगळे पाहतो. सुट्टी घेणाऱ्याला पाकिटावरचे चित्र दिसत नाही, मदतीचा क्रमांक दिसत नाही आणि महिन्याकाठी किती पैसे गेले हेही कळत नाही. कॉलेजातला मुलगा पाकीट विकत घेत नाही. त्याची सुरुवात एका सिगारेटीने होते. 2025 साली कर्नाटकात विक्रीसाठीचे किमान वय 18 वरून 21 झाले आणि सार्वजनिक ठिकाणी ओढण्याचा दंड 200 वरून 1,000 रुपयांवर गेला. कायदा चांगला आहे. आता तो शाळा-कॉलेजच्या फाटकाबाहेर दिसू लागायला हवा.

आता सोडण्याविषयी. झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच निकोटीन मेंदूत पोहोचते आणि मेंदूला बरे वाटण्याची सवय लावते. दिवसाला पंधरा सिगारेटी, दरेकीचे दहा झुरके धरले, तरी वर्षाला पन्नास हजारांवर झुरके होतात. चहा, जेवण, वाट पाहणे, रागावणे, फोनवर बोलणे अशा दिवसातल्या प्रत्येक वळणाशी ही सवय बांधली जाते. म्हणून सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस फार कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, भूक वाढते. हा त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरत जातो. या दिवसांत ‘याचं डोकंच फिरलंय’ असे म्हणणाऱ्या घरच्यांना हे आधी माहीत असेल, तर ते चार गोष्टी पोटात घालतील. एकेक तलफ काही मिनिटेच टिकते. ती मिनिटे पाणी पिऊन, चार पावले चालून, तोंडात बडीशेप किंवा वेलदोडा टाकून काढता येतात. या साध्या उपायांना हसू नये. सोडलेली पुष्कळ माणसे त्यांच्याच आधाराने पार पडली आहेत.

तरी कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच असतात. समुपदेशन आणि औषधे जोडली की ही शक्यता काही पटींनी वाढते. निकोटीनचा गम, पट्ट्या, बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरता येतात. गम साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून झणझणी आली की गालात धरून ठेवायचा असतो. हे न सांगितल्यामुळे पुष्कळांना मळमळते आणि ते दुसऱ्याच दिवशी गम टाकून देतात. निकोटीनच्या गम आणि पट्ट्यांना जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, दोन्ही गोळ्यांना 2021 साली. म्हणजे तलफ हा उपचार करण्याजोगा आजार आहे, हे वैद्यकाने मान्य केले आहे. 1800-11-2356 ही मोफत मदतवाहिनी 2016 साली सुरू झाली आणि सप्टेंबर 2018 पासून तो क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापला जातो. आपल्या बोलीत समजून घेणारा माणूस पलीकडे असला, तर असा फोन अधिक उपयोगी पडतो. खेड्यातल्या आरोग्य केंद्रातल्या आशाताई आणि परिचारिकांना हे काम शिकवणे म्हणूनच फार मोलाचे आहे. दुसऱ्या फेरीच्या वेळी डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनाच ‘सोडा’ असे सांगितले गेले होते. डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न आणि दोन मिनिटांचा सल्ला यानेही फरक पडतो. तेवढी मिनिटे प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला यायला हवीत.

उशीर झाला, आता सोडून काय उपयोग, असे पन्नाशी उलटलेले लोक म्हणतात. त्यांच्यासाठी ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासाचा 2004 साली आलेला निष्कर्ष मी आवर्जून सांगतो. तिशीत सोडणाऱ्याने गमावण्याच्या बेतात असलेली सुमारे दहा वर्षे परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्याने नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यानेही तीन. साठीनंतरची तीन वर्षे म्हणजे नातवाचे शाळेत जाणे पाहणे. ज्यांनी दोनदा-तीनदा सोडून पुन्हा धरली, त्यांनी खजील होऊ नये. कायमची सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी असेच अनेक प्रयत्न केलेले असतात. कोणत्या क्षणी हात पाकिटाकडे गेला, हे प्रत्येक प्रयत्नातून कळते आणि पुढच्या वेळी तो क्षण सांभाळता येतो.

या पुस्तकातला एक भाग शेतकऱ्यांविषयी आणि वखारीतल्या कामगारांविषयी आहे. तंबाखू सोडण्याच्या पुस्तकात तो कशाला, असे कोणाला वाटेल. निपाणीचा माणूस हा प्रश्न विचारणार नाही. सिगारेटीच्या तंबाखूला 1975 च्या कायद्याने तंबाखू मंडळ मिळाले, पुढे लिलावाची व्यवस्था मिळाली. विडीचा तंबाखू त्याबाहेर राहिला. त्याचा भाव व्यापाऱ्याच्या शब्दावर ठरायचा. या अन्यायाविरुद्ध 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीच्या महामार्गावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिल 1981 रोजी पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकऱ्यांचा बळी गेला. त्याच काळात निपाणीच्या वखारींतल्या बायका मजुरीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी संघटित झाल्या. युगांतर या चित्रपटगटाने 1982 साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ या माहितीपटात त्यांचे काम आणि त्यांचा लढा टिपला. दिवसभर तंबाखूचा खकाणा नाकातोंडात घेणाऱ्या या बायकांनी सिगारेट कधी हातात धरली नाही, तरी तंबाखूने त्यांच्या छातीत घर केले. ओला तंबाखू हाताळणाऱ्या शेतमजुरांना तर कातडीतून निकोटीन शिरून मळमळ आणि चक्कर येते.

म्हणून तंबाखूविरोध हा आमच्याकडे शेतकऱ्याविरुद्धचा आवाज होता कामा नये. भारताने 2004 साली तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार स्वीकारला. त्याचे सतरावे कलम तंबाखूवर पोट असलेल्यांना पर्यायी उपजीविका देण्याची जबाबदारी सांगते. वेदगंगा-दूधगंगेच्या पाण्यावर आमच्या भागात ऊस आणि सोयाबीन वाढले. जिथे पाणी आणि भाव दोन्ही मिळाले तिथे शेतकऱ्याने पीक बदलले. कोरडवाहू रानातल्या माणसाला आणि विड्या वळून संसार चालवणाऱ्या बाईला तोच मार्ग मोकळा करून देणे हे सरकारचे काम आहे. ओढणाऱ्याला सोडायला सांगताना पिकवणाऱ्याला आणि वळणारीला वाऱ्यावर सोडले, तर आपण अर्धेच काम केले असे होईल.

पुढची पाने कशी वाचावीत, याबद्दल थोडे. जो स्वतः ओढतो त्याने सोडण्यावरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि येत्या पंधरवड्यातली एक तारीख ठरवून ती घरात मोठ्याने सांगावी. ज्याच्या घरात कोणी ओढते त्याने टोमणे बंद करावेत आणि पहिल्या महिन्यात त्याच्यासोबत रोज संध्याकाळी फिरायला जावे. शिक्षकांनी आपल्या शाळेपासून शंभर यार्डांच्या आतली टपरी कायद्याने चालत नाही, हे ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला लिहून कळवावे. डॉक्टरांनी तंबाखूचा प्रश्न प्रत्येक रुग्णाला, बायकांनाही, विचारावा. आणि लोकप्रतिनिधींनी निपाणी-चिकोडीच्या शेतकऱ्यासाठी पर्यायी पिकाचा हमीभाव मागताना तंबाखू सोडवणारे केंद्रही प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात मागावे. यातले कोणतेही काम कठीण नाही, आणि ही सगळी एकाच वेळी सुरू झाली तर पुढच्या सर्वेक्षणातला आकडा आजच्यापेक्षा पुष्कळ खाली आलेला असेल.

टिळकवाडी, बेळगाव